साठीचे चिनी शुभेच्छापत्र

प्रश्न : वडिलांच्या साठाव्या वाढदिवसासाठी चिनी धाटणीचे शुभेच्छापत्र हाताने करायचे आहे. त्यावर काय काढावे?

उत्तर : पारंपरिक चिनी कालगणनेचे चक्र ६० वर्षांनी पूर्ण होत असल्याने तेथे साठीला विशेष मान आहे. लाल जाड कागदावर मधोमध ‘शौ’, म्हणजे दीर्घायुष्य, हे अक्षर सोनेरी कागदातून कापून चिकटवावे. त्याचे वर्तुळाकार रूप डावी-उजवीकडे सारखे असल्यामुळे कागद उभा दुमडून अर्धीच आकृती कापली तरी भागते, आणि कुंचल्याचा सराव नसलेल्यांना मी हाच मार्ग सुचवेन. भोवती पीच फळ, क्रौंच किंवा पाइन वृक्ष, यांपैकी एकच चिन्ह घ्यावे. गर्दी केल्यास अक्षर हरवते. वडिलांचे नाव मात्र लाल शाईने लिहू नये, कारण ते अशुभ मानले जाते.