न्यायालय शिकवायचं तर पाखाडीपासून सुरुवात करा

ताई, नववीची मुलं सर्वोच्च, उच्च, जिल्हा अशी उतरंड पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात २६ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. माझं सांगणं एवढंच की वरून खाली येऊ नका. एक भांडण घ्या आणि ते पायरी पायरीने वर जाऊ द्या.

भांडण आपल्याकडे शोधावं लागत नाही. शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) घालून पाखाडी (घरांमधून जाणारी पायवाट) बंद केली, बस. एक वादी (दावा लावणारा), एक प्रतिवादी (ज्याच्यावर दावा लागतो). फिर्यादी-आरोपी नव्हे, हा फरक पहिल्याच दिवशी पक्का करून घ्या, कारण कोर्ट म्हणजे शिक्षा एवढंच मुलांच्या डोक्यात असतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो, इतकं त्यांना पुरतं.

माझ्या वर्गात साक्षीदार झालेला मुलगा ठणकावून म्हणाला, "ही वाट पन्नास वर्षांची आहे." समोरची वकील झालेली मुलगी उठली. "तुझं वय?" "चौदा." "मग तुला कुणी सांगितलं?" "आजीने." "मग आजीलाच बोलवा की!" वर्ग एकदम गप्प. ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक त्या दिवशी मला फळ्यावर लिहावा लागला नाही.

यानंतर महाडचा खटला घ्या, तो आपल्या मातीतला आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोवर विरोधकांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी हुकूम मानून पाण्याचा सत्याग्रह थांबवला आणि कोर्टात लढले. महाड, ठाणे, मुंबई असा तो दावा चढत गेला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. मनाई हुकूम, अपील, पुराव्याचा भार (म्हणजे सिद्ध कुणी करायचं), सगळं या एका दाव्यात सापडतं. मुलं दहा वर्षं मोजतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा. (रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे (उच्च न्यायालयाच्याच तिथल्या खंडपीठापुढे) जातात, रायगडची मुंबईलाच. नकाशावर दाखवा.)

मग मुलांना तालुक्याच्या कोर्टात घेऊन जा. तालुका विधी सेवा समितीला मुख्याध्यापकांचं पत्र आधी द्या. एका वेळी दहा-बाराच मुलं, फोन बंद. सुनावणी सहसा सर्वांना खुली असते, पण लैंगिक गुन्ह्यांची बंद दाराआड चालते, हे आधी समजावून सांगा. सिनेमातला हातोडा तिथे नसतो. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो, स्टेनो साक्ष टंकत असतो आणि नोंदवलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवतात. हे वाचून दाखवणं मुलांनी ऐकावंच, असं मला मनापासून वाटतं.

घरचा अभ्यास म्हणून एकच काम द्या: पुढची तारीख पडलेल्या प्रत्येक प्रकरणाचं कारण वहीत टिपायचं. समन्स बजावलं गेलं नाही, साक्षीदार आला नाही, वकील दुसऱ्या कोर्टात होते. दुसऱ्या दिवशीचा तास त्या वहीवरच घ्या.