पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा मोज्यांनी बऱ्या होतात का?

तुम्ही लिहिलंय की आई 54 वर्षांच्या आहेत, कळंगुटला हॉटेलच्या किचनमध्ये दिवसभर उभ्या असतात, डाव्या पोटरीवर शिरा गाठीगाठीने वर आल्यात, संध्याकाळी पाय जड होतो आणि रात्री गोळे येतात. पाय दाबून धरणारे घट्ट मोजे घ्यावेत की थेट लेझर करावं, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. म्हापशात माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे, पायाचं माप घेऊन असे मोजे देणं हे माझं रोजचं काम. तेव्हा मोजे विकणाराच सांगतोय असं समजा: फुगलेली शीर मोज्यांनी बरी होत नाही. पायात असतात तोवर सूज आणि जडपणा कमी राहतो, सोडले की पाय पुन्हा होता तसा.

पायातलं रक्त वर चढतं ते चालताना पोटरीचा स्नायू शिरा पिळतो म्हणून, आणि चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. घराण्यात हा त्रास असेल, बाळंतपणं झाली असतील, वजन जास्त असेल, वर्षानुवर्षं एका जागी उभं राहणं झालं असेल, तर त्या झडपा सैल पडतात. गाठी दिसतात पोटरीवर, पण गळती पुष्कळदा वर जांघेत असते, जिथे मांडीच्या आतल्या बाजूने येणारी लांब शीर खोल शिरेला मिळते. नुसत्या दिसणाऱ्या गाठी काढल्या आणि वरची गळती तशीच राहिली, तर वर्षा-दोन वर्षांत नव्या गाठी येतात आणि मग लोक म्हणतात, ‘ऑपरेशनचा काही उपयोग नाही.’

म्हणून आधी डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, आणि तीही पेशंटला उभं करून. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते बघतात. कातडीखालच्या वरवरच्या शिरांमध्ये ते अर्ध्या सेकंदाहून जास्त असेल तर झडप गळते असं धरतात. खोल शिरेत गुठळी नाही ना, हेही त्यातच कळतं.

मुख्य शीर गळत असेल आणि त्रास होत असेल, तर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे आतून उष्णता देऊन शीर बंद करणं, हा आज पहिल्या पसंतीचा उपाय आहे. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 मध्ये क्रमच लावून दिला: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फेसाचं इंजेक्शन, तेही नसेल तर शस्त्रक्रिया, नुसते मोजे यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा. सहसा जागा बधिर करून सुईतून तार आत घालतात, पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हे मला काउंटरवर नेहमी विचारतात. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच जातं. बिघडलेली वरवरची शीर बंद झाल्याने काही अडत नाही.

मोजे मात्र लागतातच, निदान उपाय होईपर्यंतच्या मधल्या काळात. पण मधुमेह असेल किंवा चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर पावलाची नाडी डॉक्टरांना तपासायला सांगा. धमनीतच रक्त कमी येत असेल तर घट्ट मोज्याने पाय बिघडतो. माप सकाळी, सूज चढायच्या आत घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागा, पोटरी सगळ्यात जाड जिथे, आणि टाच ते गुडघा. लिहून देतात तो बहुधा ‘क्लास 2’, म्हणजे घोट्याशी 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब (ब्लड प्रेशर मोजतात तेच माप). घालताना मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवा, मग तळहाताने थोडा थोडा वर सरकवा. हातात भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज असले तर पकड छान येते. वरची कड दुमडू नका, तिथेच पाय करकचतो. रात्री काढायचे. मे महिन्यात किचनमध्ये हे नकोसे होतात, खोटं कशाला सांगू, निम्मे लोक तेव्हाच सोडतात. दोन जोड घ्या, पावसात एक वाळायला दोन दिवस लागतात. सहा महिन्यांत ताण जातो, मग तो साधाच मोजा.

कामावर दर थोड्या वेळाने टाचा वर-खाली करायला सांगा, ओट्यापाशी उभ्या उभ्या जमतं. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच, उशांवर. समोरच्या खुर्चीवर ठेवून तेवढं होत नाही. तेल लावून रगडायचं मात्र नाही, विशेषतः शीर लाल, गरम, कडक झाली असेल तेव्हा.

घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट पडते, खाज सुटते, ते दिसलं की महिनोन्‌महिने वाट पाहू नका, पुढे तिथेच जखम होते आणि ती लवकर भरत नाही. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर 108. शीर फुटून रक्त आलं तर आडवं करून पाय उंच धरा, कपड्याने घट्ट दाबून ठेवा, मग हॉस्पिटल.

सुरुवात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सर्जरी ओपीडीत करा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड असेल तर सोबत न्या आणि खाजगीत जायचं ठरलं तर ही प्रक्रिया त्या कार्डावर बसते का, हे तारीख घेण्याआधी विचारून घ्या. तपासणीला आईंना सैल गाऊन घालून न्या, जांघेपर्यंत तपासतात.