आडनाव पोर्तुगीज असेल तर पोर्तुगीज वंशाच्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती मिळते का?

तुम्ही लिहिलंय की घर वसईचं, आडनाव परेरा, मुलगा बारावीला. नुसत्या आडनावावर काहीही मिळत नाही. बाप्तिस्म्याबरोबर आलेलं नाव म्हणजे वंश नव्हे, आणि वसईत बहुतेक घरांत ते तसंच आलंय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी कोर्लईची. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं गाव. पोर्तुगीज 1740 साली गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आमच्या घरांत आजही चालते. आम्ही तिला नॉ लिंग म्हणतो, म्हणजे आपली भाषा. वारसा याहून वेगळा काय असतो? पण कायद्याच्या लेखी तो शून्य.

पदवीनंतर मी पणजीला मावशीकडे राहून पोर्तुगीज शिकायला लागले. पहिल्याच आठवड्यात उत्तर द्यायला उभी राहिले आणि घरचंच तोंडातून आलं. शब्द बाईंच्या ओळखीचे, पण क्रियापद शेवटी, कारण आमच्या बोलीचं वाक्य मराठीच्या वळणाने जातं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी माझं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, हे चुकलेलं पोर्तुगीज नाही, ही वेगळी भाषा आहे. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून आहे.

त्याच वर्षी मुंबईचे काका गावी आले. पप्पांचा जन्म गोव्यातल्या बार्देशात झाल्याचा दाखला एक एजंट करून देणार होता. तो लिस्बनला नोंदवायचा, मग पासपोर्ट, मग मला तिथल्या मुलांइतकीच फी. काकांनी चाळीस हजार आगाऊ देऊनही टाकले होते. पप्पा अंगणातच म्हणाले, "माझा जन्म ह्या घरात झाला. मी दुसरं गाव सांगणार नाही." त्यानंतर चार वर्षं काका माउंट कार्मेलच्या सणालाही आले नाहीत.

दोन वर्षांनी मला लिस्बनमध्ये वर्षभर भाषा शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. पोर्तुगाल सरकारची कामोंइश संस्था परदेशी विद्यार्थ्यांना अशा शिष्यवृत्त्या देते. माझे गुण बघितले, बाईंचं पत्र बघितलं, मला का शिकायचंय ते वाचलं. आजोबा कोण, हे कुणीही विचारलं नाही. पप्पांच्या हट्टाने माझं नुकसान झालं असं काका अजून म्हणतात. नाही झालं. खोट्या दाखल्यावर मिळालेली फीची सवलत मी जन्मभर लपवत बसले असते.

म्हणून मुलाला आधी भाषा शिकवा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं एम.ए.पर्यंत शिक्षण होतं. पणजीतल्या फोंताइन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचं कार्यालय आहे, तिथे स्वतः जाऊन चौकशी करा. एजंटाकडे जाऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

वंशाची अट असलेल्या शिष्यवृत्त्या खरोखर आहेत, पण त्या मुख्यतः अमेरिकेत. न्यू बेडफर्ड, फॉल रिव्हर, कॅलिफोर्निया इथे पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून गेलेल्या लोकांच्या संस्था त्या देतात, आणि बहुतेक तिथेच राहणाऱ्या मुलांना. पोर्तुगालच्या सरकारी विद्यापीठांत स्थलांतरित पोर्तुगीज आणि त्यांच्या वंशजांसाठी प्रवेशाच्या पहिल्या फेरीत 7% जागा राखीव असतात. पण त्या जागा आहेत, पैसे नव्हेत, आणि नातं कागदावर सिद्ध करावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. मुलाच्या आईकडून कुणी आजी-आजोबा गोवा, दमण किंवा दीवमध्ये 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेले असतील, तर गोष्ट वेगळी. त्यांचा जन्म पोर्तुगालच्या दप्तरी नोंदवून मुलं-नातवंडं नागरिकत्व मागू शकतात. वसई 1739 मध्येच मराठ्यांकडे आली, तेव्हा वडिलांकडून ती वाट नाही. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. ते मुलाला आत्ताच नीट समजावून सांगा आणि ठरवू द्या त्यालाच, घरातल्या कुठल्याही काकांना नको.