टीव्ही-रेडिओ पत्रकारितेचे प्रोफेसर रिसर्च म्हणजे नक्की काय करतात?

बातम्या बघत बसतात असं आमच्या घरचे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम तेच आहे. फक्त मोजत बघतात, म्हणजे कुठल्या विषयाला किती सेकंद, पहिली हेडलाइन कशाची, बाइट (कॅमेऱ्यावरचं छोटं बोलणं) कुणाची घेतली अन् कुणाची घेतलीच नाही. पण त्यासाठी जुनी बुलेटिन जपलेली लागतात ना! अमेरिकेत वँडरबिल्ट युनिव्हर्सिटी १९६८ पासून संध्याकाळच्या नॅशनल बातम्या रेकॉर्ड करतेय, त्यामुळे तिकडच्यांचं बरं चाललंय.

मला सगळ्यात भारी वाटतो तो अय्यंगार आणि किंडर या अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा प्रयोग. यांनी १९८० च्या सुमारास येल युनिव्हर्सिटीत बातम्यांच्या टेप एडिट करून एखाद्या विषयाच्या स्टोरी मुद्दाम वाढवल्या, लोकांना आठवडाभर रोज दाखवल्या, आणि ज्यांना संरक्षणाच्या बातम्या जास्त दिसल्या त्यांना देशापुढे तोच प्रश्न आधीपेक्षा मोठा वाटायला लागला. म्हणजे काय मत बनवायचं यापेक्षा कशावर बनवायचं हे टीव्ही ठरवतो.

शिकवणं वेगळंच, तिथे थिअरी कमी. पीटीसी द्या (म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे बघून बोला), दीड मिनिटाचं पॅकेज म्हणजे पूर्ण एडिट केलेली स्टोरी कापा, व्हिज्युअलमध्ये दिसतंय तेच व्हीओमध्ये, म्हणजे मागून येणाऱ्या आवाजात, परत सांगू नका, हे शंभरदा ऐकायची तयारी ठेवा. रेडिओ न्यूजचं स्वप्न असेल तर आपल्याकडे प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, लावायच्याच तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावाव्या लागतात (मला तरी हे अजिबात पटत नाही). आणि हे सगळं हाताने करूनच शिकायचं असतं, त्यामुळे ॲडमिशन घेताना कॉलेजात स्टुडिओ खरंच चालू आहे का ते आधी जाऊन बघा.