रिस्टोर न केलेली १९६७ ची कॉर्व्हेट (शेवरलेची स्पोर्ट्स कार) अस्सलपणाच्या सर्टिफिकेटसाठी न्यायच्या आधी रंगवून घ्यावी का? परीक्षक नेमकं काय बघतात?

नका रंगवू. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचलंत तरी पुरे.

तुम्ही लिहिलंय की गाडी सासऱ्यांकडून आली, पहिल्यापासून त्यांच्याच घरात होती, बॉनेटवरच्या रंगाला बारीक भेगा पडल्यात आणि ओळखीचा पेंटर ती 'शोरूमसारखी' करून द्यायला तयार आहे. त्याचा हात चांगला असेलही. पण अस्सलपणाचं सर्टिफिकेट हवं असेल तर तूर्त त्यालाच गाडीपासून लांब ठेवायचं. मी अमेरिकेत कॉर्व्हेटच्या परीक्षणात चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, टीमबरोबर असतो, म्हणजे बराच वेळ गाडीखाली पाठीवर पडलेला. त्यामुळे खालच्या बाजूबद्दल जरा जास्त बोललो तर समजून घ्या.

आधी एक गोंधळ दूर करतो. परीक्षणं दोन प्रकारची असतात आणि लोक ती हमखास एकमेकांत मिसळतात. एनसीआरएस, म्हणजे नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, ही १९७४ सालची संस्था. तिच्या फ्लाइट जजिंगमध्ये कसोटी एकच: गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती तशी आज आहे का? ९४ टक्के किंवा जास्त गुण पडले की टॉप फ्लाइट हा पुरस्कार. तिथे नव्याने रंगवलेली गाडी चालते, फक्त रंग कारखान्याच्या पद्धतीने दिलेला दिसला पाहिजे. हात न लावलेल्या गाड्यांसाठी त्याच संस्थेचा बोटाय हा वेगळा सन्मान आहे. त्यात बाहेरची बाजू, आतली बाजू, इंजिनाची बाजू आणि चासी असे चार भाग वेगवेगळे तपासतात.

दुसरं नाव ब्लूमिंग्टन गोल्डचं. १९७३ मध्ये इलिनॉयमध्ये सुरू झालेल्या या कॉर्व्हेट शोने १९९० मध्ये सर्व्हायव्हर हा वर्ग सुरू केला. गाडी निम्म्याहून जास्त मूळ स्थितीत हवी, ती रस्त्यावर चालवून दाखवता आली पाहिजे आणि तिचे मूळ पृष्ठभाग इतके शाबूत हवेत की दुसरा कुणी तशीच गाडी रिस्टोर करताना हिच्याकडे बघून काम करू शकेल. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. देखणेपण कुणी मोजत नाही, गाडीवर किती पुरावा शिल्लक आहे ते मोजतात. तुमचा पेंटर ज्याला घाण म्हणेल त्यातलं बरंच काही आमच्या दृष्टीने पुरावा असतं.

एक जागा जवळून दाखवतो. बॉनेट उघडा. इंजिनाच्या उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट पट्टा बाहेर आलेला दिसेल, त्याला स्टॅम्प पॅड म्हणतात. त्यावर दोन शिक्के असतात. एक इंजिन कारखान्याचा. टी०३२१ अशी सुरुवात असेल तर इंजिन टोनावांडाच्या कारखान्यात २१ मार्चला जोडलं गेलं. दुसरा शिक्का गाडीच्या क्रमांकाचा, तो सेंट लुइसमध्ये गाडी जोडताना मारला जायचा. म्हणजे दोन शिक्के, दोन गावं, दोन वेगळे हात. इंजिन कारखान्याची अक्षरं एका चौकटीत बसवून एकदम ठोकत, त्यामुळे ती एका ओळीत येतात. दोन्ही शिक्के एकाच खोलीचे, एकाच वळणाचे आणि अगदी नीटनेटके दिसले की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आता टॉर्च आडवी धरून बघा. अक्षरांच्या मागे धातूवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतील. ब्लॉकचा वरचा भाग ब्रोच नावाच्या यंत्राने तासला जायचा, त्याच्या या खुणा. इंजिन उघडून ब्लॉक पुन्हा तासला की रेघाही जातात आणि आकडेही. मग कुणीतरी नवे आकडे ठोकतो. हल्ली रेघासुद्धा नकली काढून देणारे आहेत, म्हणून फक्त पॅडवर कुणी विसंबत नाही. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: सी १५ ७ म्हणजे १५ मार्च १९६७. आधी ओतकाम, मग इंजिनाची जोडणी, मग गाडी, असा तारखांचा क्रम लागला पाहिजे, आणि फार मोठी फटही चालत नाही. हाच हिशेब अल्टरनेटर, स्टार्टर, काचा यांनाही लागतो. गाडीच्या जन्मानंतरची तारीख एखाद्या भागावर सापडली तर तो भाग नंतर आला, विषय संपला. मात्र एखादा भाग बदललेला निघाला म्हणून अख्खी गाडी बाद होत नाही. त्या भागाचे गुण जातात, एवढंच.

रंगाचं म्हणाल तर तुमच्या गाडीवरचा मूळ रंग अ‍ॅक्रिलिक लॅकर आहे. तो वयाबरोबर तडकतो, त्याचा स्वभावच तो. कारखान्यात बाहेरचे पत्रे (पत्रे म्हणायची सवय, आहे सगळं फायबरग्लास) घासून चकाकवत, पण दाराच्या चौकटीत कुणी पॉलिश मारत बसत नसे. त्यामुळे मूळ गाडीत दार उघडल्यावर आतला रंग मंद दिसतो, कुठे कुठे खरखरीतही. तिथे आरशासारखी चमक असेल तर गाडी नंतर रंगवलेली आहे. आणि हो, रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं चुंबकी यंत्र इथे निरुपयोगी, फायबरग्लासवर ते काहीच दाखवत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक मीटर लागतो.

अपघात झाला होता का, हे मडगार्डच्या आतून कळतं. त्या काळच्या कॉर्व्हेटचे पॅनल साच्यात दाबून काढलेले, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि सांध्यांच्या मागे जोडपट्ट्या चिकटवलेल्या. बोटं फिरवताना ती पट्टी लागली नाही, किंवा आतून काचतंतूंची खरबरीत जाळी लागली, तर तो पॅनल नंतरचा. लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंगवून वरून कितीही झाकलं तरी आतली बाजू बोलतेच.

खाली आलो की मी सगळ्यात आधी शोधतो ते म्हणजे कामगारांच्या खुणा. तपासणी झाल्याचे रंगाचे ठिपके, क्रेयॉनने लिहिलेले आकडे, वरून ओघळलेला काळा रंग. कारखान्यात काम भराभर चालायचं. इंजिन जोडून झाल्यावर केशरी रंग मारताना तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरही) उडायचा आणि गाडी तापली की तिथून जळून जायचा. म्हणून मॅनिफोल्डच्या कडेला केशरी रंगाचे अवशेष दिसले की मला बरं वाटतं. उलट सगळं काही एकसारखं काळंभोर चमकत असेल तर ते प्रेमाने केलेलं असतं, पण मूळ नसतं.

तेव्हा जायच्या आधी काय करायचं? गाडीखाली प्रेशर वॉश अजिबात मारू नका, पन्नासहून जास्त वर्षं टिकलेला क्रेयॉन त्या पाण्यात मिनिटात जातो. आत व्हॅक्यूम फिरवा, काचा पुसा, बस्स. ब्रेक, टायर, होज, पट्टे सुरक्षिततेसाठी बदलावेच लागतात, ते बिनधास्त बदला, पण काढलेले जुने भाग फेकू नका, खोक्यात ठेवा. घड्याळ चालतंय का बघा, फ्लाइट जजिंगमध्ये तेही तपासतात आणि बहुतेकांचं बंद असतं.

कागद शोधा. वॉरंटीच्या पुस्तिकेत गाडीचे तपशील ठोकलेली धातूची छोटी पट्टी असते, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. १९६७ च्या काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवर गाडीच्या ऑर्डरचा कागदही चिकटवलेला सापडतो. तो आहे का बघायला स्वतः टाकी उतरवू नका. कागद टाकीलाच चिकटलेला असतो, ओढायला गेलात की फाटतो. या दोन्ही गोष्टींच्या नकला बाजारात मिळतात, त्यामुळे कागद आहेत म्हणून गाडी अस्सल ठरत नाही. सासऱ्यांकडची जुनी बिलं आणि गाडीशेजारी काढलेले घरचे फोटो मला त्याहून जास्त भरवशाचे वाटतात.

सर्टिफिकेट म्हणजे किमतीची हमी नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्या दिवशी, त्या परीक्षकांना जे दिसलं त्याची ती नोंद आहे. मात्र हात न लावलेल्या गाड्यांचा मान वाढतोय यात शंका नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत बेस्ट ऑफ शो, म्हणजे सर्वोच्च मान, मिळाला तो १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला. जतन केलेल्या गाड्यांच्या वर्गातून तिथे अव्वल आलेली ही पहिलीच गाडी.

नाव नोंदवायची घाई करू नका. एनसीआरएसचं सभासदत्व घ्या, १९६७ चं जजिंग मॅन्युअल मागवा आणि पहिल्या वेळी गाडी घरीच ठेवून ऑब्झर्व्हर जज म्हणून या. परीक्षकांच्या मागे मागे फिरता येतं, प्रश्न विचारता येतात. अंगावर जुने कपडे असू द्या, खाली शिरावं लागेल.