ट्रोम्सो ते लाँगयिअरब्येन: हवाई अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो?

नॉर्वेच्या उत्तर भागातील ट्रोम्सोहून स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येनपर्यंतचे हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ आपण विचारला आहे. अंतर सुमारे ९६० किलोमीटर असून थेट विमानाला साधारण एक तास चाळीस मिनिटे लागतात.

फोनवरच्या नकाशात हे अंतर कितीतरी मोठे दिसते, कारण त्या नकाशात ध्रुवाच्या दिशेने प्रदेश ताणला जातो आणि ७८ अक्षांशाजवळ हा ताण जवळजवळ पाचपट होतो. प्रत्यक्षात हे अंतर मुंबई-दिल्ली हवाई अंतरापेक्षाही कमी आहे. पडताळा घेणे सोपे आहे. ट्रोम्सो ६९.७ आणि लाँगयिअरब्येन ७८.२५ उत्तर अक्षांशावर आहे, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून केवळ उत्तरेकडचे अंतरच ९५० किलोमीटरच्या आसपास भरते. रेखांशांत साडेतीन अंशांचा फरक असला तरी इतक्या उत्तरेला रेखावृत्ते एकमेकांच्या फार जवळ आलेली असल्यामुळे त्याने एकूण अंतरात जेमतेम पाच-सहा किलोमीटरांची भर पडते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वा तासात संपते. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे यांत जातो. दोन्हीकडे घड्याळ एकच आहे.

मात्र भारतीय पासपोर्टधारकाने मिनिटांपेक्षा व्हिसाची काळजी अधिक करावी, असे मला मनापासून वाटते. स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व असले तरी ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. तेथे उतरण्यासाठी व्हिसा लागत नाही, पण जाताना आपण शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा प्रवेश करता, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा असल्यास परतीची वाट बंद होते. अर्ज करतानाच किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा. पासपोर्ट तपासणी ट्रोम्सोलाच होते, ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या प्रवाशांनाही त्यासाठी तेथे विमानातून उतरावे लागते, म्हणून देशांतर्गत उड्डाण समजून विमानतळावर उशिरा पोहोचू नये.

लाँगयिअरब्येनची धावपट्टी १९७५ साली कायम गोठलेल्या जमिनीवर बांधली गेली आणि तेथे मोठी जेट विमाने नियमित उतरतात. (स्वालबार्डवरच्याच नी-ओलेसुंड येथील भारताच्या ‘हिमाद्री’ या संशोधन केंद्राकडे विमानाने जाणारे शास्त्रज्ञ येथूनच छोट्या विमानात बसतात, तो टप्पा अर्ध्या तासाहून कमी आहे.) परंतु अशा जेट विमानाला उतरता येईल असा दुसरा विमानतळ स्वालबार्डवर नाही, त्यामुळे धुके किंवा वारा आडवा आला तर विमानाला मुख्य भूमीकडे परतावे लागते. म्हणून ओस्लोहून भारताकडे येणारे विमान त्याच दिवसाचे घेऊ नये. मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी.