रात्रपाळीची सवय होते का?

महापे येथील रासायनिक कारखान्यात दर आठवड्याला बदलणारी पाळी, त्यातही रात्रपाळीनंतर दुसरी (दुपारची) आणि मग पहिली (सकाळची) असा क्रम, दिवसा जेमतेम पाच तास झोप आणि पहाटे कंट्रोल पॅनेलसमोर लागणारी डुलकी, हे सांगून सवय झाल्यावर त्रास थांबेल का, असे आपण विचारले आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अनेक वर्षे पाळीत काम केलेला माणूस म्हणून स्पष्ट सांगतो की सवय होते ती जागे राहण्याची. शरीराचे घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत रात्रपाळीशी पूर्ण जुळत नाही, आणि पाळी आठवड्याला बदलत असेल तर त्याला जुळायला वेळच मिळत नाही. पहाटे साधारण तीन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत कमी आणि झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो. तेव्हाच्या डुलकीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

माझ्या मते मुख्य दोष आपल्या पाळ्यांच्या क्रमात आहे. आंतरिक घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते, त्यामुळे उशिरा झोपणे शरीराला जमते, लवकर झोपणे जड जाते. पहिली, दुसरी, रात्र हा क्रम म्हणूनच तुलनेने सोसतो.

रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून होणारी सलग दोन पाळ्यांची डबल ड्युटी याहून गंभीर आहे. सलग सतरा तास जागे राहिल्यावर सावधपणा रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका घटतो, आणि आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्या अवस्थेत ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटारसायकल चालवताना तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते, आणि सकाळी कारखान्याच्या रस्त्यावर टँकर व ट्रेलर किती असतात हे आपण रोज पाहता. रात्रपाळीनंतर कंपनीच्या बसने किंवा लोकलनेच घरी जा. बसमध्ये गडद चष्मा लावावा, कारण सकाळचे ऊन शरीराला दिवस उजाडल्याचे कळवते आणि झोप लांबणीवर पडते.

घरी खोली अंधारी ठेवा, फोन बाहेर ठेवा, सकाळी मुख्य झोप घ्या आणि ड्युटीपूर्वी संध्याकाळी तास-दीड तास पुन्हा झोपा. पहाटेचा चहा टाळावा. पाच-सहा तासांनंतरही त्यातील निम्मे कॅफिन शरीरात उरते. मध्यरात्री जड जेवण नको.

दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवले. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळाचे असते, धोक्याच्या आकाराचे नव्हे, म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र रक्तातील साखर व रक्तदाब नियमित तपासावा, आणि घोरण्यासोबत श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना तसे जरूर सांगावे. मधुमेहाचे किंवा फिट्सचे औषध चालू असल्यास पाळीनुसार त्याच्या वेळा स्वतः बदलू नयेत.

कारखान्याच्या सुरक्षा समितीत क्रम बदलण्याची मागणी लेखी मांडा. त्यासाठी नवी माणसे लागत नाहीत, पाळ्यांचा तक्ता बदलावा लागतो. रिलिव्हर न आल्यास पर्यायी माणूस कोण, हेही त्याच बैठकीत नोंदवून घ्या.